ईशान्येचा खड्डा

१

जेसीबीच्या पहिल्या बकेटीत काळी माती आली तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या बकेटीतही काळीच आली तेव्हा शिवराजनं गॉगल काढला. दुपार व्हायच्या आत नव्या घराच्या जागेच्या चारही कोपऱ्यांवर माणूस बुडेल एवढे खड्डे झाले आणि सगळ्यांच्या तळाशी तीच काळीभोर, चिकट माती. मुरमाचा एक खडा सापडेल तर शपथ.

आणि मुरूम तर सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. संक्रांतीच्या सुमारास याच वाट्याच्या ईशान्य कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेतला होता. वर थोडी काळी माती आणि तिच्याखाली तळापर्यंत तांबूस मुरूम. तो बघूनच शिवराजनं हा वाटा पक्का केला, आणि त्याच्या बायकोनं, सुलेखानं, गॅलरीवाल्या दुमजली घराचा नकाशा काढून घेतला. खड्डा अजून उघडाच होता. काठावर भूमिपूजनाची हळद सुकलेली, आत मुरूम जसाच्या तसा. तिथून थोडं पलीकडे गेलं की मुरूम गायब. करमाडच्या शिवारात कडबा चोरीला जातो, मोटारी चोरीला जातात, पण जमिनीच्या पोटातला मुरूम चोरीला गेल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

बांधावरच्या बाभळीखाली मंजुषा उभी होती. ती शिवराजची मोठी वहिनी, इंद्रजीतची बायको. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते, पण हसू काही ऐकेना. ते आलंच.

खरं सांगायचं तर ती बरेच दिवस याचीच वाट बघत होती. सुलेखा या घरात आली आणि मंजुषाच्या पोटात जे दुखायला लागलं ते कधी थांबलंच नाही. सुलेखाचा नवरा शेंद्र्याच्या कंपनीत साहेब, मंजुषाचा नवरा मातीत. सुलेखा मुकुंदवाडीच्या फ्लॅटमधून सणाला यायची, दोन पोळ्या लाटायची, आणि सासूबाई मनकर्णाबाई महिनाभर त्या पोळ्यांचं कौतुक सांगायच्या. रोजच्या भाकरी थापणारीचं नाव कुठंच नाही. आता त्याच सुलेखाची गॅलरी मंजुषाच्या अंगणातून दिसणार होती. रोज, उठल्यापासून.

म्हणून ती हसली. आणि नेमकं त्याच क्षणी सुलेखानं वळून पाहिलं.

"ताई," सुलेखा म्हणाली, आणि जेसीबी बंद झाला होता म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं, "तुम्ही हसताय?"

२

काळ्या मातीवर घर म्हणजे काय, हे या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्याबरोबर भिंतीही फाटतात. दारं आषाढात लागत नाहीत आणि चैत्रात त्यांच्या फटीतून मांजर ये-जा करतं. टिकाऊ घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि इथं मुरूम किती खोल आहे ते जेसीबीलाही कळलं नव्हतं.

"खड्ड्यात मुरूम बाहेरून आणून टाकलाय," प्रणय म्हणाला. घर बांधायचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्याला पटकन दुसरा गुन्हेगार हवा होता. "आपल्याला येड्यात काढलंय साहेब. क्लिअर आहे."

शेजारचा शेतकरी पुंडलिक बांधावर बसून तंबाखू मळत होता. आजूबाजूला मुरूम वाहणारा ट्रॅक्टर त्याचाच. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मंग? माझ्याकं काय बघता?" पुंडलिक म्हणाला. "संक्रांतीच्या टायमाला मुरूम टाकला म्या, व्हय. पण तो वैनीच्या अंगणात. वैनीनंच सांगितलं व्हतं."

आता सगळे मंजुषाकडे बघायला लागले.

तिच्या अंगणात पावसाळ्यात चिखल होई, म्हणून तिनं मुरूम टाकून घेतला होता. एवढंच. पण ते हसू सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि हसणाऱ्या बाईचा मुरूम अंगणातून शेतात जायला काय वेळ लागतो?

त्यात भर पडली ती जुन्या भांडणाची. या घराण्यात वाटणीची एक रीत होती. मोठ्या भावानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे मोठा लबाडी करणार नाही. त्याप्रमाणे इंद्रजीतनं शेताचे दोन वाटे पाडले. पूर्वेचा चढावरचा आणि पश्चिमेचा नाल्याकडचा. दोन्ही वरून सारखेच काळे. मधला बांध मात्र त्यानं सरळ घातला नाही. उत्तरेला, रस्त्याजवळ, त्यानं बांध पूर्वेकडे झुकवला, म्हणजे पश्चिमेच्या वाट्याला रस्त्याचं तोंड मोठं मिळालं. गावानं त्याच्या मोठ्या मनाची वाहवा केली. मंजुषानं भर रस्त्यात नवऱ्याशी भांडण काढलं. "तो हाच उचलणार! रस्ता बघूनच उचलणार! सगळं त्यांच्याच घशात घाला!" असं ती ओरडली होती, आणि ते अर्ध्या गावानं ऐकलं होतं.

"रविवारी भावकी बसवू," शिवराज म्हणाला. तो सुलेखाच्या शेजारी उभा होता, तिच्या खांद्याला खांदा लावून. "वहिनीनं चूक कबूल करायची. सुलेखाच्या पाया पडून माफी मागायची. नाहीतर दादा, तुमचं माझं संपलं, आणि आई आमच्याकडे येईल."

मोठ्या जावेनं धाकटीच्या पाया पडायचं! मंजुषाला पायाखालची जमीन खरंच सरकल्यासारखी वाटली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रजीत मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन कुस्करत होता.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाईंनी तिच्या हातचा चहा घेतला नाही.

३

शनिवारी सकाळी तनुजा आली. दोन्ही भावांची धाकटी बहीण, मुकुंदवाडीला एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पायांत बूट, खांद्यावर हाताने फिरवायचं लांब गिरमिट. तिनं चहाही न घेता मंजुषाला बांधावर नेलं.

"वहिनी, स्पष्ट बोलते. तुम्हीच केलंय असं धरून मी आलेय."

"मग आलीस कशाला?" मंजुषा फणकारली. "भावजय पाया पडताना बघायला?"

"नाही. तुम्ही कसं केलंत ते मला सुचेना, म्हणून आले. झोप लागत नाहीये मला."

ती खड्ड्यात उतरली. मंजुषा काठावर उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, कारण ऊन चढत होतं आणि लोक बघत होते.

तनुजानं खड्ड्याच्या भिंतीवर हात फिरवला. मग ती हसली, तशी ती लहानपणी कोडं सुटलं की हसायची.

"हे बघा. कुणी खड्डा खणून झाल्यावर आत मुरूम टाकला असता, तर तो तळाला पडला असता. इथं भिंतीच मुरमाच्या आहेत, चारही बाजूंनी, वरची थोडी माती सोडली तर पार खालपर्यंत. भिंतीला मुरूम चिकटवता येतो का? पुंडलिककाकांचा ट्रॅक्टर यात बसत नाही, वहिनी. तुमचं अंगणही नाही."

मंजुषाच्या छातीवरचं ओझं जरा हललं. "मग सुटले म्हण की मी."

"तुम्ही सुटलात. पण मी आणखी अडकले." तनुजानं वर पाहिलं. "खड्डा खरा, मुरूम खरा, आणि थोड्याच अंतरावर माती काळी. असं जमिनीत होत नसतं. मुरूम म्हणजे खालचा खडकच झिजून झालेला. तो असा एका जागी खांबासारखा उभा राहत नाही."

मग तिनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. प्रणयला तिनं विचारलं, "घर उभं राहणार प्लॉटच्या मधोमध, आणि तुम्ही खड्डा घेतला कोपऱ्यात? एकच? घराच्या जागेवर का नाही घेतला?"

प्रणय चाचरला. "मॅडम, सुलेखा मॅडमचा हट्ट होता. पहिली कुदळ ईशान्येलाच पडली पाहिजे म्हणे. इधर का उधर नाही. चाचणी पण तिथंच, पूजा पण तिथंच. मी म्हटलं, माती काय, सगळीकडं सारखीच."

"सगळीकडं सारखीच," तनुजा पुटपुटली. "तुम्ही लोकांची घरं बांधता आणि असं बोलता?"

सुलेखा फोनवर फणफणत म्हणाली की ईशान्येचं वेड तिला लग्नाआधीपासून आहे, सगळ्या घराला माहीत आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काय? फ्लॅटमधला माठसुद्धा ती ईशान्येलाच ठेवते. शेवटी तिनं विचारलं, "ताई रविवारी येणार आहेत ना? की पळणार?"

मंजुषा शेजारीच उभी होती. तिला ते ऐकू आलं आणि तिची कानशिलं तापली. उद्या भावकीत ही बाई कुठली साडी नेसून येईल, हेही तिला आत्ताच दिसायला लागलं. पैठणी नेसेल. दुसऱ्याची नाचक्की बघायला लोक चांगलं नेसूनच येतात.

बांधावर पुंडलिक होताच. "काका," तनुजानं विचारलं, "या कोपऱ्यात पीक कसं यायचं?"

पुंडलिकनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "तिथं कधी कापूस माजलाच नाय, पोरी. सगळं रान हिरवं, अन् तेवढाच तुकडा पिवळा. तुझा बाप हयात असताना म्या इचारलं व्हतं. लई चिडला. म्हनला, त्या जागंचं नाव काढू नगंस."

"का?"

"ते मला नगं इचारू," पुंडलिक म्हणाला आणि उठून चालायला लागला.

४

उन्हाळ्यातलं काळं रान बघण्यासारखं असतं. भेगा इतक्या रुंद पडतात की त्यात विळा पडला तर हात घालून काढावा लागतो. मंजुषा त्या भेगा ओलांडत तनुजाच्या मागं चालली होती. चालता चालता तिला जाणवलं की आता ती काहीच ओलांडत नाहीये.

"तनू," ती थांबली. "इथं भेगाच नाहीत की गं."

तनुजा गर्रकन वळली. खरंच नव्हत्या. खड्ड्याभोवतीची जमीन सलग होती. तनुजा त्या सलग जमिनीच्या कडेकडेनं चालायला लागली, आणि चालता चालता परत निघाली तिथंच आली. गोल! खळ्याएवढा मोठा गोल, बाहेर सगळीकडे भेगा आणि आत एकही नाही.

तनुजानं पुन्हा खड्ड्यात उडी घेतली आणि गिरमिटाचं टोक भिंतीत खुपसून मुरूम पाडायला लागली. बराच वेळ पाडल्यावर तिनं एक तुकडा मंजुषाच्या हातात दिला. विटेचा होता. मग माठाचं खापर निघालं, काठाची नक्षी अजून तशीच असलेलं.

"देवानं जमीन केली तेव्हा तिच्यात माठ घातलेला नव्हता," तनुजा म्हणाली. "हा मुरूम जागचा नाही, वहिनी. बाहेरून आणलेला आहे. पण संक्रांतीला नाही, फार वर्षांपूर्वी. इथं मोठा गोल खड्डा होता आणि तो मुरमानं बुजवला. शेतातला मोठा गोल खड्डा म्हणजे काय असतो?"

मंजुषाला उत्तर आलं. या घरात नांदायला आल्यापासून तिनं या शेतात विहिरीचं नावही ऐकलं नव्हतं.

५

मनकर्णाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तनुजा त्यांच्यासमोर बसली.

"आई, पश्चिमेच्या रानात विहीर होती का गं?"

म्हातारीचा हात सुपात थांबला. तिनं पदर तोंडावर ओढला. मंजुषाला वाटलं, आता ही उठून आत जाईल. पण ती बसून राहिली आणि पदराआडून बोलली.

"माझी जाऊ त्या हिरीत गेली. धाकटी. तिला लोक लई चांगलं म्हनायचे, अन् मला ते सोसायचं नाय. शेवटी शेवटी मी तिच्याशी बोलत नव्हते. कशापायी गेली कुनालाच कळलं नाय. तुमच्या बापानं हीर बुजवली. घरात तिचं नाव काढायचं नाय असं ठरलं. तू पाळण्यात व्हतीस. शिवराज मामाकं व्हता, त्याला आणलाच नाय महिनाभर. मी त्या रानात परत पाऊल ठिवलं नाय, मग खड्डा कुठं घेतला ते मला कसं कळणार?"

मंजुषा खांबाला टेकून ऐकत होती. धाकट्या जावेचं चांगलं बोललेलं न सोसणारी बाई आपणच नाही, एवढं तिला कळलं, आणि त्यानं तिला बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली.

"आई," तनुजानं अगदी हळू विचारलं, "बाबांनी एकट्यानं बुजवली का?"

"एकट्यानं कशी हुईल? लई मोठी हीर व्हती. मुरमाची बैलगाडी..." मनकर्णाबाई बोलता बोलता अडखळल्या. त्यांनी पदर खाली घेतला आणि दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी कुणी हाकली, आई?"

मनकर्णाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या.

६

रविवारी मारुतीच्या पारावर भावकी बसली. सुलेखा पैठणीच नेसून आली होती. शिवराज तिच्या शेजारी. मंजुषा खाली सतरंजीवर, आणि इंद्रजीत तिच्यापासून जरा लांब, पाराच्या कडेला.

"मोठ्या सूनबाई," भावकीतला एक जाणता म्हणाला, "उठा. माफी मागा, विषय संपवू."

मंजुषा उठली. तिनं एकदा इंद्रजीतकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ती सुलेखाच्या दिशेनं एक पाऊल सरकली, आणि तेवढ्यात तनुजा मध्ये आली.

"आधी माझं ऐका. मग ज्याला पाया पडायचंय तो पडेल."

आणि तिनं सांगितलं. मुरमाच्या भिंती, पिवळा तुकडा, भेगा नसलेला गोल, विटा आणि खापर. तिथं विहीर होती हे ती सांगत असताना जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. त्यांना ठाऊक होतं, पण खड्डा नेमका कुठं घेतला ते बघायला कुणी गेलं नव्हतं.

"चाचणीचा खड्डा त्या बुजलेल्या विहिरीत पडला. योगायोग? मलाही आधी तसंच वाटलं." तनुजानं काडीनं धुळीत चौकोन काढला. "हे शेत. इथं रस्ता, इथं नाला. ही विहीर. आता मधोमध सरळ बांध घाला." तिनं रेघ ओढली. "विहीर कुठं आली?"

"पूर्वेच्या वाट्यात," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे इंद्रजीतदादाच्याच वाट्यात, आणि तीही अशा जागी की तिथं कुणी कुदळ मारणार नाही. आता बांध रस्त्याजवळ पूर्वेकडे झुकवा." तिनं दुसरी रेघ ओढली, वाकडी. "विहीर आली पश्चिमेच्या वाट्यात. कुठल्या कोपऱ्यात?"

सुलेखाचा हात तोंडावर गेला. "ईशान्येला," ती कुजबुजली.

"सुलेखावहिनी पहिली कुदळ कुठं मारणार हे सगळ्या घराला माहीत होतं. रस्ता बघून शिवराजदादा कुठला वाटा उचलणार तेही माहीत होतं. पण विहीर कुठं होती हे माहीत असलेला आणि बांधही झुकवणारा असा एकच माणूस आहे." तिनं हातातली काडी टाकून दिली. "मंजुषावहिनी तो नाही. त्या वाकड्या बांधापायी त्या रस्त्यात ओरडून भांडल्या होत्या. अख्खं गाव साक्षीदार आहे. कट माहीत असता तर भांडल्या असत्या? त्यांचा हेवा सगळ्यांना ऐकू येतो. म्हणूनच सगळ्यांनी त्यांना धरलं."

इंद्रजीत पाराच्या कडेवरून उठला. त्याचा चेहरा शांत होता, आणि ते बघून मंजुषाला धडकी भरली.

"बैलगाडी मी हाकली," तो म्हणाला. "तव्हा बाप म्हनला, तू मोठा हायेस, तुला सांगतो, धाकट्याला कळू देऊ नगंस. तो मामाकं आंबे खात व्हता." तो शिवराजकडे वळला. "तू शिकलास, मी नांगर धरला. तू नोकरी उचललीस, मी माय सांभाळली. अन् वाटणीलाबी रीत काय? वाटे पाडायचे मी, अन् आधी उचलायचं तू. जन्मभर तूच आधी उचलत आलास. म्हनलं, एक डाव तुला पायजे ते नाय, मला पायजे ते उचल."

शिवराज नुसता "दादा" म्हणाला.

सगळे पारावर बसलेलेच होते. मंजुषा मात्र उभीच होती, सुलेखाच्या दिशेनं निम्मं अंतर चालून आलेली. तिला राग यायला हवा होता लबाडीचा, पण तो आला नाही. लबाडी तिनं समजून घेतली असती. तिच्याइतकी ती दुसऱ्या कुणाला समजली असती? तिच्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. शिवराज बायकोची बाजू चुकीची असताना तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता. आणि आपली बायको बरोबर असताना इंद्रजीत ती वाकायची वाट बघत बसला होता.

गॅलरी, पैठणी, पोळ्यांचं कौतुक, यातलं काहीच आता तिला नको होतं. सुलेखाकडे हेवा करण्यासारखं काय होतं ते तिला आज पहिल्यांदा दिसलं, आणि ते इतकं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं.

"वाटे बदलायचे," ती भावकीला म्हणाली. आवाज खणखणीत होता. "पूर्वेचं रान भाऊजींचं. तिथं चढ आहे, मुरूम वरच लागेल, तनूकडून चार ठिकाणी बघून घ्या आणि मग बांधा. नाल्याकडचं आमचं. आम्हाला घर बांधायचं नाही, कापूस चांगला येईल."

सुलेखा उठली, पुढं आली आणि तिचे हात धरायला लागली. "ताई, मी उगीच तुम्हाला..."

"राहू द्या," मंजुषा म्हणाली. तिनं हात सोडवून घेतले, पण हळूच.

घराकडे जाताना इंद्रजीत तिच्या मागं मागं येत होता. वेशीपाशी त्यानं हाक मारली. ती थांबली, वळली नाही.

"मला आधी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर तुमच्यासाठी मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. खोटी माफी मागितली असती, अन् जन्मभर कुणाला कळू दिलं नसतं. पण तुम्ही मला विचारलंच नाही."

ती पुढं चालायला लागली आणि तो तिथंच उभा राहिला.